युद्ध चार दिवस आधी संपवणाऱ्या माणसाच्या घरी

रेखाचा फोन आला. "बाबांनी आपल्या लग्नासाठी तुला बघायला बोलावलंय, रविवारी ये. तू शेवटच्या वर्षाला आहेस असं मी सांगितलंय, तेवढं सांभाळ." मला कॉलेज सोडून वर्ष होत आलं होतं. तिला म्हटलं, मला खोटं बोलायला जमत नाही. ती म्हणाली, "तुला गप्प बसायलाही जमत नाही. दोन्हीतलं एक शिकून ये." अशी ठरली माझी रेखाच्या गावची, टोकावड्याची सहल.

त्या बाजूला सगळे पावसात जातात. मी म्हणेन, भात कापून झाल्यावर जा. शहापूरहून सकाळची मुरबाड एसटी पकडायची. किन्हवलीच्या पुढे खळ्यांवर झोडणी चाललेली असते, पेंढ्याचा वास थेट खिडकीतून आत येतो. रस्ता खराब आहे, भरल्या पोटी बसू नका. आणि टोकावड्याला जायचं तर सरळगावलाच उतरा. मला हे गाडी पुढे निघाल्यावर कळलं. कंडक्टर म्हणाला, "मुरबाडचं तिकीट काढलंस ना? मग मुरबाड बघ." एरवी मी गाडी थांबवून भांडलो असतो. त्या दिवशी सराव म्हणून गप्प बसलो.

मुरबाडच्या स्टँडबाहेर बटाटेवडा चांगला मिळतो. अर्धा किलो पेढे घेतले आणि जीपमध्ये बसलो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे नेमकी किती ते फक्त ड्रायव्हरला माहीत असतं. मी अर्धा आत, अर्धा बाहेर. समोर सह्याद्रीची निळी भिंत, डोक्यात एकच वाक्य: शेवटचं वर्ष, शेवटचं वर्ष.

टोकावड्याच्या फाट्यापासून रेखाचं गाव पायी वीस मिनिटं. तिचे वडील, बाळूकाका, डोक्यावर टोपी घालून अंगणात पत्र्याची पेटी उघडून पिवळे पडलेले पेपर उन्हात मांडत होते. एकाहत्तरच्या युद्धाचे. वाळवी लागली होती म्हणे. त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. एक पेपर हातात दिला.

"कालेजातला ना तू? वाच मोठ्यानं."

मी वाचलं. वर ठळक अक्षरात शत्रूची दाणादाण, आणि खाली जवळजवळ तेवढ्याच अक्षरात केस गळणं थांबवणारं तेल. दुसऱ्या पेपरात लोकांना सूचना होती, खिडक्यांना काळे कागद लावा, उजेड बाहेर जाऊ देऊ नका.

"ते आमी पाळलं," काका अभिमानाने म्हणाले.

"गावात वीज होती तेव्हा?"

"वीज कुठली रे. कंदील होते ना. घोंगड्या टांगल्या दाराला."

आतून रेखाची आई म्हणाली, "आन् धुरानं निम्मं गाव खोकत बसलं. त्यापेक्षा विमान परवडलं असतं."

त्या काळी काका विशीतले, गावात घडाघडा वाचणारे ते एकटेच. पेपर एसटीने यायचा, संध्याकाळी गाव पारावर जमायचं आणि काका वाचायचे. एक दिवस एसटी आलीच नाही. लोक जमलेले, पुढे ठमाबाई, जिचा मुलगा सीमेवर होता. तिने विचारलं, "आज काय लिवलंय रे?" काकांच्या हातात कालचाच पेपर. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी वाचलं, युद्ध संपलं, जवान घरी निघाले.

"बाई नाचली रे. गावभर गूळ वाटला."

"माझ्या माहेरापर्यंत आला तो गूळ," आई म्हणाली. "मी पन खाल्ला. तवा म्हायीत असतं तर या घरात आलेच नसते."

दुसऱ्या दिवशी पेपर आला तो तुंबळ लढाईचा. आता कसं वाचायचं? काकांनी चार दिवस मनाने बातम्या वाचल्या. जवान बिस्तरे बांधतायत. जवानांना निरोपाचं जेवण. जवानांच्या गाडीला उशीर. सगळ्या देशात लढाई चालू होती, त्या एका गावात तेवढी संपली होती. मग ती खरोखरच संपली आणि काका सुटले.

मी पोट धरून हसत होतो. काका हसत नव्हते.

"पोरगा सुखरूप आला. त्यानं आईला सांगितलं, त्या चार दिवसांत आमच्या तुकडीचे किती गेले. ठमाबाई मला काय बोलली नाय. पन परत कधी पेपर ऐकायला बसली नाय. मरेपर्यंत नाय."

रेखा चहा घेऊन दारात उभी होती. मी पेपर खाली ठेवला.

"काका, मी शेवटच्या वर्षाला नाही. दुसऱ्या वर्षीच सोडलं. सरांशी भांडलो. आता शहापुरात हार्डवेअरच्या दुकानात आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. रेखाला म्हणाले, "शेवटचं वर्ष म्हणून तूच सांगितलंस ना मला?"

माझं डोकं सटकलं. उठून उभा राहिलो. "तिला नका बोलू. जे बोलायचं ते मला बोला."

"बस खाली. माझी पोर हाय ती."

मी बसलो. कसा बसलो ते मला अजून कळलेलं नाही.

रेखाने चहा ठेवला. "सांगितलं मी. सोडलंय म्हटलं असतं तर तुमी पुढचं ऐकलंच नसतं."

काका पेपरांच्या घड्या घालू लागले. आईच म्हणाली, "आता कुनाला बोलनार? बापाचीच पोर हाय."

नंतर जेवण झालं. नव्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. असं बिरडं रस्त्यावरच्या कुठल्याच ढाब्यावर मिळणार नाही. पेढ्यांचा पुडा कोणी फोडला नाही, परतही केला नाही. निघताना काका फाट्यापर्यंत आले. म्हणाले, "आज हो नाय, नाय पन नाय. मी शहापूरला येईन, दुकान बघीन, मालकाला इचारीन. मग बोलू."

येताना सरळगावला उतरलो, शहापूरची गाडी तासाभराने मिळाली. घरी आई दारातच होती, शेजारच्या दोघी तिच्याजवळ बसलेल्या. "जमलं ना रे?" तिघींची तोंडं अशी काही वर झाली होती की एका शब्दात सगळं घर खूश झालं असतं. मी चपला काढल्या आणि म्हणालो, "अजून काही ठरलं नाही."

त्याला तीन आठवडे झाले. काका अजून आलेले नाहीत. दुकानात कोणी टोपीवाला शिरला की माझ्या हातातले खिळे सांडतात. सहल जमली का म्हणाल, तर जेवढं घडलं तेवढंच इथे लिहिलंय.