सोपानने निवडलेला पंप

सोपान गेल्याचा फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी तो खराच मानला नाही. "कोण बोलतंय? कुठून?" असं दरडावून विचारलं. पलीकडे त्याची मुलगी होती, पिंपरीच्या दवाखान्यातून कुणाचा तरी फोन मागून बोलत होती. "काका, मी कोमल… पप्पा गेले." बातमीचीही आधी उलटतपासणी घ्यायची, ही खोड मला त्याचीच लागलेली.

आम्ही भोसरीच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागाला चिकटलो, म्हणजे कुणावर विश्वास न ठेवण्याचाच पगार घेतो. पण सोपानपुढे मी अगदीच भोळा सांब. त्याचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं, मशिनांना गार ठेवणाऱ्या कूलंट पंपांच्या दुरुस्तीचं. जन्मभर बंद पडलेले पंपच समोर आल्यामुळे असेल, जगात काही सरळ चालतं हे त्याला पटतच नसे. हॉटेलात चहा आला की आधी कप उजेडात धरून बघायचा. पोटाच्या आजाराचं तीन डॉक्टरांनी एकच निदान केलं, तेव्हा मला म्हणाला, "तिघं बी एकच सांगत्यात. म्हंजी कायतरी शिजतंय, राव." त्या वेळी मात्र तिघंही खरं बोलत होते.

निदान कळल्यावर त्याने ध्यास घेतला तो कोमलच्या कॉम्प्युटरचा. ती चिखलीच्या फ्लॅटवर घरूनच कंपन्यांसाठी यंत्रांची चलचित्रं बनवते. त्यासाठी कॉम्प्युटर तासन्‌तास राबतो आणि तापतो. त्याला पाण्याने गार ठेवायची सोय सोपाननेच करून दिली होती. पंप पाणी फिरवतो, पाणी आतली उष्णता उचलतं आणि पंख्यांपुढच्या जाळीत येऊन निवतं. पंप थांबला की कोमलचं काम थांबलं. जुना पंप थकला होता, आणि नवा आपल्याच हाताने बसवून जायचं हे सोपानने मनाशी पक्कं केलं. त्याची खरी भीती वेगळीच होती. "पोरगी कुणावर बी इस्वास ठेवती रं," तो म्हणायचा. "माझ्या माघारी हिला कुणी बी गंडवंल." हे म्हणताना त्याचा आवाज बारीक व्हायचा… दुखण्याने कधी झाला नाही इतका.

मग आमची दुकानं पालथी घालणं सुरू झालं. दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवायचा, तासाला इतकं पाणी. सोपान त्या आकड्याकडे चोराकडे बघावं तसा बघायचा. "ह्यो मोकळ्या नळीचा आकडा हाय. हितं पानी बारीक फटींतनं ढकलायचंय. जोर किती, त्ये सांग." एक दुकानदार कौतुकाने म्हणाला, "काका, हा पंप चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही." झालं! सोपान उठलाच. बाहेर येऊन मला म्हणाला, "चालू हाय त्ये कळत न्हाई, तर बंद पडल्याचं कसं कळंल?" शेवटी त्याला पसंत पडला तो जोराचा, पण जरा घुमणारा पंप. "पप्पा, डोकं उठतं हो त्या आवाजाने," कोमल म्हणाली. त्याने ऐकलं नाही. जमिनीवर बसून त्याने तो बसवला. मी नुसता बॅटरी धरून होतो. पाणी फिरायला लागल्यावरही तो बराच वेळ कान लावून बसला होता.

सोपान जाऊन आता काही आठवडे झाले. मागच्या गुरुवारी, कंपनीची साप्ताहिक सुट्टी म्हणून, मी कोमलकडे गेलो. तिच्या खोलीत तो पंप घुमत होता. अडीअडचणीला घरात एक जास्तीचा असावा म्हणून मी पिंपरीच्या बाजारातून तसाच नवा पंप नेला होता. मित्राच्या लेकीसाठी आपण काहीतरी करतोय, या समाधानात होतो. तिने खोका खिडकीशी नेला आणि चिकटपट्टीवरून नख फिरवलं. "काका, ही पट्टी दुसऱ्यांदा चिकटवलीय." मग पंप बाहेर काढून पाणी शिरायच्या तोंडात डोकावली. आत पाणी सुकून उरतं तसं पांढरट कडं होतं. "नव्या पंपात क्षार कुठून आला?"

मी उभा जन्म खरेदीत काढलेला माणूस, आणि हे मला दुकानात दिसलं नव्हतं. तिने पंप परत खोक्यात ठेवला, माझ्यासमोर सरकवला आणि डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "खरं सांगा काका, दुकानदाराने तुम्हाला फसवलं, की स्वस्तात मिळतोय म्हणून तुम्हीच जुना आणलात?"

क्षणभर संताप आला. लगेच इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. सोपान, निर्धास्त राहा रे… तुझी लेक माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही.