दुहेरी रेघांचं बेंझीन

केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की विनुता रोज आधी पानाला कपाळ टेकायची. पाहणाऱ्याला वाटावं, पोरगी सरस्वतीला नमस्कार करते आहे. थोड्या वेळाने बारीक घोरणं ऐकू यायचं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत केबल आली आणि विनुताची बारावीही त्याच वर्षी आली. येत्या जूनमध्ये तिने आणि तिच्या मैत्रिणीने, गायत्रीने, तिरुच्चीच्या कॉलेजात जायचं, हॉस्टेलात एकाच खोलीत राहायचं, हे केव्हाच ठरलं होतं. खिडकीजवळची खाट कुणाची, यावर भांडणसुद्धा आधीच होऊन गेलं होतं. मग डिसेंबरात सहामाही झाली आणि विनुता केमिस्ट्रीत नापास.

"खाट तू घे," गायत्री म्हणाली. "पण ये तरी, गे."

हे तिला झोंबलं. गायत्री भांडल्याशिवाय खाट सोडते, म्हणजे प्रकरण खरंच हाताबाहेर गेलं होतं.

मार्गळी हा पवित्र महिना लागला होता. उजाडायच्या आत देवळातून गाणी सुरू होत आणि दारात तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी, म्हणजे कोलम, काढायचं काम विनुताकडे असे. एकदा पाहिलेलं कोलम ती विसरत नसे, मग ते बसच्या खिडकीतून पाहिलेलं का असेना. त्या दिवशी अर्धवट झोपेत तिने ठिपके मांडले, सहा ठिपके जोडले आणि पाहते तो काय, काल ज्या पानावर ती झोपली होती, त्यातलं बेंझीन दारात बसलेलं! तिला असं हसू फुटलं की पिठाची वाटी कलंडली.

आई, जयलक्ष्मी, बाहेर आली.

"विनु! दारात एकेरी रेघ? तीही मार्गळीत?"

शुभ कोलमाची रेघ दुहेरी हवी, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. विनुताने साही बाजू मुकाट दुहेरी केल्या. तेवढ्यात देवळाकडून केमिस्ट्रीचे सुब्रमण्यम सार सायकलवर आले. त्यांनी ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीवर टेकला.

"हे काय, मा? सगळे बाँड दुहेरी? एकेका कार्बनला पाच हात झाले! चारच असतात. एकाआड एक बाजू एकेरी कर."

"हात किती का असेनात, सार," आई म्हणाली, "रेघ दुहेरीच राहील."

"परीक्षेत मार्क जातील, अम्मा."

"आणि दारातून लक्ष्मी गेली तर?"

दुधाचं भांडं घेऊन निघालेले शेजारचे रामस्वामी मामा थबकले. "कासव छान आलंय हो."

विनुता हसतच खाली बसली. बोटाने एकाआड एका बाजूची एक रेघ पुसली आणि त्या सगळ्याभोवती वेलींची मोठी चौकट काढली, चांगली ठसठशीत, दुहेरी.

"आई, बाहेर तुझं. आत सारांचं."

आईने बराच वेळ पाहिलं. "आतलं मला दिसत नाही," म्हणाली आणि कॉफी गाळायला आत गेली.

मग रोजच सुरू झालं. फिनॉल काढलं तेव्हा ओएचच्या जागी शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल आलं. सारांची सायकल दारापाशी आपोआप मंद होऊ लागली. मामा त्या दिवसाच्या आकृतीचं नाव विचारत, घोळवून घोळवून म्हणत आणि हे खाल्लं तर चालतं का, असंही विचारत. पण सकाळी काढायचं तर संध्याकाळी वाचावं लागे, तेही जागं राहून. समोरच्या घरात केबलवर गाणी लागलेली असत आणि विनुता पुस्तकावर वाकून हवेत बोट फिरवत असे. मार्गळी संपला तरी ती थांबली नाही. मुंग्या मात्र फार सुखात होत्या.

मार्चात, परीक्षेच्या हॉलमध्ये, बेंझीनचा प्रश्न वाचून तिला पुन्हा हसू आलं. सहा बाजूंची आकृती बिनचूक उतरली. हात सवयीने भोवती वेल काढू लागला तेव्हा देखरेखीच्या बाई वाकून बघत राहिल्या. दोन पानं फुटल्यावर कुठे विनुताच्या लक्षात आलं, आणि तिने ती घाईने खोडली.

ती पास झाली. जूनमधल्या एका दुपारी रिक्षा दारात आली. गायत्री आत बसून ओरडत होती, "उशीर केलास तर खिडकी माझी!" विनुताने पेटी चढवली, स्वतः चढली आणि रिक्षा हलता हलता डोकं बाहेर काढलं.

"आई, उद्या कोलम लहानच काढ. सारांना शाळेत उशीर होतो."