पट्टी आणि पाहुणे

आमच्या ताईला पाहायला आलेल्या मुलाच्या डोक्याला आमच्या घरात बँडेज बांधलं गेलं, आणि त्याला काहीही लागलेलं नव्हतं.

शहाण्णव-सत्याण्णवची गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो. मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होतो, म्हणजे घरात कुणी विचारत नसे ते सगळं सांगत होतो. ताईला तोवर एकही स्थळ पसंत पडलं नव्हतं. हा मुलगा मात्र फोटोतच आवडला होता. पाहुणे यायच्या आधी तिने मला गाठून बजावलं, "तू फक्त पोहे खा. बोलू नको."

मुलगा अबोल, त्याचे वडील त्याच्याहून अबोल. पंख्याचा तेवढा आवाज. मला राहवेना! म्हटलं, मराठीत एकेका शब्दाचे किती अर्थ असतात नाही? आता 'पट्टी'च घ्या. गाणाऱ्याची वेगळी, शाळेतली वेगळी. (पोहे हातातच होते.)

मुलाच्या वडिलांचं कळंबोलीत लोखंडाचं दुकान. ते एकदम जागे झाले. खरी पट्टी लोखंडाची, म्हणाले, बाकीच्या नावाला. आमचे आण्णा वाशीच्या मार्केटात कांद्याच्या आडत्याकडे कारकून. ते कसले ऐकतात! विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी गावाकडं फिरत नाही, लोखंडाचं काय घेऊन बसलात, असं त्यांनी सुनावलं. आवाज चढत गेले. स्थळ हातचं जाणार हे मला स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. ती दवाखान्यात नर्स. आता ही भांडण मिटवणार म्हणून मला हायसं वाटलं. (इतकी वर्षं एका घरात राहूनही!) "माणसाच्या कामी येते ती पट्टी," म्हणत तिने कपाटातून बँडेज काढलं आणि समोर जे डोकं सोयीचं दिसलं, त्याला गुंडाळायला घेतलं. मुलगा हूं की चूं न करता बसून राहिला. दोन्ही कान आत गेले, एक डोळा अर्धा झाकला.

अशात ताई चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने पोहे खायला लागलो. मग ट्रे ठेवून, सगळ्यांदेखत, ती स्वतःच बँडेज सोडवू लागली.

"फार आवळलंय का?"

"नाय," मुलगा पहिल्यांदाच बोलला. "होईल सवय."

ताई खळखळून हसली. दोन्ही वडील भांडण विसरून बघत राहिले. मला तर भरूनच आलं.

लग्नाची बोलणी झाली, तेव्हा मुलाकडून एकच अट आली: मांडवात नवरीच्या भावाने बोलायला उभं राहायचं नाही. ती अट ताईनेच सुचवली होती, हे मला वरातीच्या वेळी कळलं.