भाषा समजत नाही

शोळिंगनल्लूरच्या आमच्या खासगी कॉलेजात परराज्यातल्या मुलांना दुप्पट फी होती. फीच्या खिडकीत बसायचे ते कारकून तंजावरकडचे मराठी. कपाळाला विभूती, खिशाला तीन पेनं, आणि कधीही जा, पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास कीं रे?" पहिल्या वर्षी त्या प्रश्नाने मला रडू यायचं.

दुसऱ्या वर्षी मी फीसवलतीचा अर्ज नेला. सोबत वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला होता, तहसीलदाराच्या सहीचा, मराठीत. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"घरांत हेंच बोलतों आम्ही, पण अक्षरें येत नाहींत. तू वाच."

मी वाचला. सूतगिरणीतली रोजंदारी, खाणारी सहा तोंडं, सगळं. "अय्यो, पावम," म्हणत त्यांनी डोळे पुसले. मग त्याच हाताने पेन उचललं आणि अर्जावर इंग्रजीत लिहिलं, दाखल्याची भाषा समजत नाही, अर्ज नामंजूर. वर शिक्काही ठोकला.

"जेवलास कीं रे?"

मला तेव्हा तमिळचा एकच शब्द धड यायचा. तो मी त्यांच्या तोंडावर फेकला.

"तेरियादु!" कळत नाही.