वाळूतला चौथा भिडू

"अहो, रेस देऊ नका, अजून रुततेय," आमची ही गाडीच्या मागून ओरडत होती. शेजारी माझा मेहुणा नंदू धापा टाकत ढकलत होता. मी स्टिअरिंगवर. पुढची दोन्ही चाकं वाळूत, घड्याळात साडेचार...

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. चाळीस वर्षं लिफ्ट बसवल्या – आधी पिंपरीत, मग इथे हॉलंडात. माणूस वर जातो तो दोरीने आणि मोटरने. पण झालं ते झालं, त्याला मी काय करू?

आम्ही दोघं न्यूनेनला मुलीकडे राहतो. मध्यंतरी मी गाडी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा असा चेपला की त्याचा पापड झाला. तेव्हापासून आमची मुक्ता किल्ली मागायला लागली. "बाबा, बहात्तरचे झालात. बसने फिरा." शेवटी तह झाला. एक लांबचा फेरा मारायचा, तिला एकही फोन न करता, आणि सहाच्या आत घरी. जमलं तर किल्ली माझी. नाहीतर जन्माची बस.

मी निवडलं टिलबर्गच्या पलीकडचं, वाळूच्या टेकड्यांना लागून असलेलं एक गाव. एक चर्च, एक बेकरी, एक कॅसिनो. त्या वाळूला इथले लोक वाळवंट म्हणतात... उंट तेवढे कमी. सांगलीहून आलेल्या नंदूला कॅसिनो बघायचाच होता.

पण मी, ही आणि नंदू म्हणजे तीन. तीन तिघाडा, काम बिघाडा. मग हिने अंगणातला मुठीएवढा दगड धुतला, हळदकुंकू लावलं आणि चौथा माणूस म्हणून मागच्या सीटवर नंदूशेजारी बसवला. वर सीटबेल्ट.

"ताई, पाहुण्यांना खिडकी हवी का विचारलंस?"

"तू गप. तुझ्यापेक्षा शांत आहे तो."

निघालो. ताशी ऐंशी, थर्मासमधला चहा, सांगलीचं भडंग. मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते. मी समजलो, नमस्कार करतायत.

कॅसिनोच्या दारात एका पोरीने पासपोर्ट मागितले. तीन दिले. ती आमच्या मागे बघत म्हणाली, "आणि या चौथ्या गृहस्थांचा?" मागे कोणी नव्हतं. दगड गाडीत होता. "तिघंच आहोत, बाई," म्हटलं. तिने खांदे उडवले.

आत हिने आयुष्यात पहिल्यांदा मशीनचं बटण दाबलं, आणि मशीन असं पेटलं की अर्धा ब्राबांट प्रांत धावत आला. (बरं, दोन म्हातारे आणि एक वेटर.) त्या कमाईतून सफरचंदाचा केक मागवला – तिघांसाठी. वेटरने न विचारता चार प्लेट आणल्या. चौथी नंदूने संपवली. मी म्हटलं, योगायोग.

परतताना नंदूला वाळवंटात फोटो हवा होता. "दाजी, जरा आत घ्या की." घेतली... आणि रुतलो.

"मुक्ताला फोन करते," ही म्हणाली.

"केलास तर मी इथेच राहीन. आश्रम काढीन."

ती उतरून मागे गेली, नंदूही गेला. दोघं ढकलायला लागले, आणि मग तो सुरुवातीचा आरडाओरडा. मी आरशात पाहिलं. मागच्या काचेवर हात टेकलेले. हिचे बांगड्यांचे दोन. नंदूचे दोन. आणि मध्ये आणखी दोन – परातीएवढे, राखाडी. पुन्हा मोजले. सहाच. तेवढ्यात डबक्यातून म्हैस उठावी तशी गाडी उठली, ती थेट डांबरावर!

मी उतरलो. नंदू पांढराफटक. "दाजी, मधी कोण होतं?"

"तू शेजारी होतास, तूच सांग."

"मला वाटलं ताईच लई जोर लावतीये."

वाळूत हिच्या सँडलचे ठसे, नंदूच्या बुटांचे, आणि मध्ये अनवाणी पावलं. एकेकात माझा दीड बूट मावेल एवढी. कुठून आलेली नाहीत, कुठे गेलेली नाहीत. गाडीत दगड जागेवर, बेल्ट लावलेला, पण खालून ओल्या वाळूने माखलेला. हिने थर्मासमधल्या चहाचे दोन थेंब त्याच्यावर शिंपडले. "दमला असेल."

उतार, टायरची हवा, नंदूचं वजन – लिफ्टवाल्याचं सगळं डोकं लावून झालं. महिना उलटला. अजून उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर कळवा.

त्या दिवशी सहाला बारा मिनिटं कमी असताना मी गड जिंकल्यासारखा घरात शिरलो आणि मुक्ताला सगळं सांगितलं – कॅसिनोतली पोर, चार प्लेट, सहा हात, पावलं... ती आमटीला फोडणी देत होती. तिने ऐकून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"फोन केला नाहीत, सहाच्या आत आलात. किल्ली ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "आणि बूट बाहेर काढा."