मेधाची थंडी

सुधीरचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात शाल गुंडाळून बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत एसीने बोटं आखडली होती. "शुभा, मेधा गेली गं... ओट्यापाशीच कोसळली," एवढंच तो बोलू शकला. आणि मला आधी काय आठवावं, तर या शालीवरून त्याची बायको मला कशी चिडवायची ते. "मजा आहे बाई तुझी! पगार घ्यायचा, वर थंडी फुकट!" दीड महिना होत आला त्याला. शाल अजून माझ्या खुर्चीवर असते, पण अंगावर घेताना हात अडखळतो.

सिंगापुरातली आमची मराठी मंडळी मेधाला ओळखायची ती निळ्या बॅगेमुळे. इथे बारा महिने उन्हाळा, मग आठ दिवसांच्या युरोपसाठी जाड जॅकेटं विकत कोण घेणार? म्हणून कोणी दिलेली, कोणी देश सोडताना ठेवून गेलेली जॅकेटं, टोप्या, हातमोजे यांची एक भलीमोठी बॅग आमच्या घराघरांतून फिरते. ती सांभाळायची मेधा. परत आलेले कपडे धुवायचे, क्लेमेंटीतल्या आपल्या दहाव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीबाहेर बांबूला वाळत घालायचे, दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायच्या आणि पुढच्या कुटुंबाच्या मापाने बॅग भरून द्यायची. वर सूचना, "उंचावर वारा बोचतो हं, पोरांचे कान झाका." जशी काही दर हिवाळा आल्प्समध्ये काढते! प्रत्यक्षात बाईने बर्फ पाहिला होता तो फ्रीजरमधला.

कारण होतं माईंचं. माई म्हणजे सुधीरची आई. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांना वारा म्हणून सोसेना. खोलीत एकटं वाटतं म्हणून पलंग हॉलमध्ये, आणि पलंग हॉलमध्ये म्हणून सगळ्या घराच्या खिडक्या बंद, पंखा बंद. रात्री मेधा तिथेच खाली गादी टाकायची. मी गेले की पंधरा मिनिटांत ओढणीने वारा घेत दाराकडे सरकायचे. मेधा घाम पुसत म्हणायची, "सवय होते गं." पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची ती. "अशा बंद काचघरात झाडं झकास वाढतात," असं एकदा म्हणाली आणि स्वतःच हसली. सुधीर वाईट मुळीच नव्हता. सकाळी ऑफिसच्या गारव्यात जायचा, संध्याकाळी येऊन आईचे पाय चेपायचा. त्याला कधी उकडलंच नाही, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मेधाची नणंद नाशिकहून आली, आठ दिवस माईंना बघते म्हणाली, आणि पहिल्यांदाच मेधाने ती बॅग स्वतःसाठी भरली. आम्ही दोन जोडपी युरोपला निघालो. तिच्या अंगावर एक मरून जॅकेट होतं, बॅगेतलं सगळ्यांत जुनं. "बाकीची चांगली आहेत, तुम्ही घाला," हे ओघाने आलंच. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आमच्या वाट्याला एकच दिवस आलं होतं. गावाच्या डोक्यावरच डोंगर, वर बर्फाचे पांढरे पट्टे, आणि गावातूनच केबल कार वर जाते. सकाळी स्टेशनबाहेर पडल्या पडल्या मेधाने बोट दाखवलं, "आधी तिथे जाऊ या का?" पण माझा नवरा विवेक सहलसुद्धा ऑफिसच्या प्रोजेक्टसारखी चालवतो. "डोंगर कुठे पळून जातोय? आधी गाव उरकून घेऊ!" मग सोनेरी छपराचा सज्जा उरकला, राजवाडा उरकला, चर्चमधले काळे पुतळे उरकले, स्की-उडीचा मनोराही उरकला. इतक्या लांब आलोच आहोत तर, इतक्या लांब आलोच आहोत तर, असं करत आमची वरात चालली होती. त्यात दर अर्ध्या तासाने मेधाचा फोन. मिक्सरचं छोटं भांडं कुठेय? माई गोळी घेत नाहीत, तू सांग. राजवाड्यातल्या आरशांसमोर उभी राहून ती फोनवर माईंना म्हणत होती, "माई, घ्या ना... माझ्यासाठी घ्या."

आणि मग आम्ही आपल्या लोकांचा ठरलेला मूर्खपणा केला. वरणभात हवा म्हणून इंडियन रेस्टॉरंट शोधत गावभर हिंडलो. सापडलं तेव्हा दुपार कलली होती आणि मालक म्हणाला, भात आत्ताच लावलाय, जरा वेळ लागेल. मेधा खिडकीतून डोंगराकडे बघत होती. एकदम उठली.

"तुम्ही जेवा. मी चालले."

"अगं, कुठे? एकटी?" सुधीर म्हणाला.

"वर," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा. फोन टेबलावरच राहिला. थोड्या वेळाने तो वाजायला लागला आणि नणंदेचं नाव बघत आम्ही तिघं नुसते बसलो.

शेवटच्या केबिनने ती खाली आली. नाक लाल, ओठ निळे. विवेक उखडला होता, "फोन तरी न्यायचा!" "तो वाजला असता," ती शांतपणे म्हणाली. नदीच्या पुलावर आम्ही दोघी मागे राहिलो तेव्हा मी विचारलं, काय केलंस गं वर? तर म्हणे, "जॅकेट काढलं."

"वेड लागलं का तुला?"

"इतकी वर्षं लोकांची धुतेय, शुभा. ती नेमकं काय अडवतात ते बघायचं होतं. दात वाजायला लागले गं... इतकं छान वाटलं! परत घालावंसंच वाटेना. तेवढ्यात तिथला माणूस हाका मारायला आला, शेवटची गाडी म्हणून."

सिंगापूरला परतल्यावर नणंदेने हात जोडले, "पुन्हा मला बोलावू नका." मेधाने मरून जॅकेट धुऊन बांबूवर टाकलं आणि खिडकी लावून घेतली. पुन्हा जाऊ, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. ती मान डोलवायची.

गेल्या रविवारी सुधीरने बोलावलं, बॅग आता तू सांभाळ म्हणाला. दार उघडलं तर अंगावर वाराच आला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा भरधाव. पलंगावर माई, कानटोपी घालून, ते मरून जॅकेट गळ्यापर्यंत ओढून. मी लगबगीने पुढे झाले.

"माई, गारठाल! खिडकी लावू का?"

"नको. राहू दे उघडी." त्यांची जीभ आता जड झाली आहे, शब्द सावकाश येतात. "तिला फार उकडायचं गं... मला कळायचं."

माईंनी डोळे मिटले. "पण मला थंडी वाजायची," त्या म्हणाल्या.

जॅकेट मी त्यांच्या अंगावरच राहू दिलं. सुधीर बॅग बांधत होता तोवर खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. दहाव्या मजल्यावर वारा छान येतो. इतक्या वर्षांत मला ते माहीतच नव्हतं.