उसाच्या कडेचा धंदा

"रोपवाटिका बेलापूरलाच का?" असं बँकेच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तोंडपाठ उत्तर दिलं. कालव्याचं पाणी आहे, साखर कारखाने हाताशी आहेत, रस्ता आहे, कामाला बायका मिळतात. धंद्याला आणखी काय लागतं? साहेबांनी मान डोलावली. बिबट्याचं त्यांनी विचारलं नाही. मी नगर शहरात वाढलेली, ऊस मला रसवंतीपुरता ठाऊक, त्यामुळे मलाही ते सुचलं नाही.

काम तसं सोपं. उसाच्या कांडीवरचा डोळा काढायचा, ट्रेमध्ये लावायचा, हिरव्या जाळीखाली वाढवायचा आणि रोप झालं की शेतकऱ्याला द्यायचं. जाळीच्या तिन्ही बाजूंना मात्र डोक्यावर गेलेला ऊस. वारा नसताना त्यात काही सळसळलं की मी हातातला ट्रे ठेवून जाळीच्या आत सरकते. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं. मग एक शेळी गेली. मग भर दुपारी कुणीतरी बिबट्याला बांधावर पाहिलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो शब्द निघाला की बायकांचे हात थांबायचे.

त्यांच्यात सगळ्यात वयस्कर एक मावशी. त्या म्हणाल्या, "वहिनी, आमी खाली बसून ट्रे भरतो. बसल्यालं मानूस त्याला शेळीवानीच दिसतं. उभ्याला जरा तरी बिचकतो."

मी कंबरेएवढी टेबलं करून घेतली. बायका उभ्याने काम करू लागल्या. दिवसभर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून ठेवायची, बिबट्याला गाण्याची आवड नसेल या आशेवर.

उन्हाळा लागला आणि माझ्या लक्षात आलं, की माठातलं पाणी संपतच नाही. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी जवळजवळ तसाच. मला वाटलं, पाण्याला वास येत असेल. माठ घासला, वाळा टाकला. तरी तेच. एक दिवस सगळ्यांत तरुण, सतत बडबडणारी पोर चक्कर येऊन खाली बसली. मी पेला दिला तर तिने नुसते ओठ ओले केले.

"अगं, पी की!"

तिने पेला खाली ठेवला. मावशीच बोलल्या, "पानी प्यालं की उसात जावं लागतं, वहिनी. ते काय उभ्यानं व्हतंय व्हय?"

कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं. मीही सकाळपासून चहाचा घोट घेतलेला नव्हता. दुपारी काहीतरी निमित्त काढून स्कूटीवर गावातल्या घरी जाऊन यायचे, ते तेवढ्यासाठीच. मला वाटायचं, मी एकटीच अशी भेदरट.

संडास बांधायचं काढलं तर नवरा म्हणाला, "शेतात कुणी संडास बांधतं का?" मी म्हटलं, "मग तुम्ही जाऊन बसा उसात." त्याने गवंडी गाठून दिला. पक्क्या भिंती, पत्र्याचं दार, आतून कडी. जागा तेवढी उसाच्या कडेलाच मिळाली. पण माठ दुपारीच रिकामा व्हायला लागला आणि तो पुन्हा भरताना मला फार बरं वाटायचं.

हे सुख थोडेच दिवस टिकलं. एका दुपारी ती तरुण पोर आत गेलेली असताना तो उसातून बाहेर आला आणि आमच्या आणि संडासाच्या मधोमध बसला. घरच्या मांजराने बसावं तसा, पंजा चाटत. मावशींनी घमेलं बडवायला सुरुवात केली. मग सगळ्याच ओरडायला लागल्या, टेबलं ठोकायला लागल्या. तो हलेना. आतून आवाज आला, "आले, आले! एवढं काय झालंय?" आणि कडी सरकल्याचं ऐकू आलं.

मी टेबलाची कड धरून नुसतीच उभी राहिले. बाकीच्यांच्या गोंगाटात तिला काही कळणं शक्यच नव्हतं. मावशींनी हात वर केला. सगळं एकदम थांबलं. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. ती शांतता मला अजून आठवते.

"पोरी, कडी लाव!" मावशी म्हणाल्या.

कडी परत सरकली. तो आणखी थोडा बसला, उठला आणि सावकाश उसात शिरला. बऱ्याच वेळाने आम्ही सगळ्यांनी घोळका करून तिला बाहेर आणलं. ती पांढरीफटक पडली होती, तरी म्हणाली, "निवांत बसूबी देत न्हाई मेला!" सगळ्या हसल्या. मी हसले, पण उसाकडे पाठ केली नाही.

वनखात्याचा पिंजरा आला, त्यात काही सापडलं नाही. बायका मात्र दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, घरी बसून कुणाचं भागतं? रोपांना मागणी चांगली आहे. धंद्याला जागा कशी आहे असं कुणी विचारलं तर मी आजही तेच सांगते: मुबलक पाणी आहे.

बायका कामावर परतल्या त्या दिवशी संध्याकाळी, सगळ्या गेल्यावर मी माठावरचं झाकण उचललं. पाणी गळ्याशी होतं, सकाळी मी भरलं होतं तेवढंच. दिवसभराच्या उन्हाने माझाही घसा सुकला होता. पेला बुडवला, तोंडाशी नेला, उसाकडे पाहिलं आणि ते पाणी ट्रेमधल्या रोपांना घातलं.